पुस्तकातले हात

मला कुणी बघत नाही, माझ्यात बघतात. तेही क्षणभर. केस कापून झाले, मानेवरचे बारीक केस ब्रशने झाडले, गळ्याभोवतीचं कापड अजून सोडायचंय, अशा वेळी डोक्यामागे जो छोटा आरसा धरतात ना, तो मी. भिंतीवरच्या मोठ्या आरशासमोर माणूस तासभर बसतो. माझ्या वाट्याला येते नुसती मान आणि एक 'छान'. हे 'छान' मी इतक्या तोंडून ऐकलंय, की खरं कुठलं आणि लवकर सुटका व्हावी म्हणून कुठलं, हे मला लगेच कळतं.

मी गोल आहे, लाकडी मुठीचा. कारखान्यात माझ्यासारख्यांचा ढीग होता. काचेमागे पारा चढवला, कड घासली, मुठीला पॉलिश केलं आणि भुसा भरलेल्या खोक्यात घालून धाडून दिलं. ते खोकं उघडलं एका मावशीने.

मावशीचं पार्लर म्हणजे तिच्याच घराची पुढची खोली. एक खुर्ची, एक बेसिन, वाट बघणाऱ्यांसाठी बाक आणि कुरकुरणारा पंखा. तो पंखा कापलेले केस खोलीभर फिरवायचा, म्हणून केस कापताना तो बंद आणि गप्पा मारताना चालू. गल्लीतल्या सगळ्या तिला मावशीच म्हणत. पण खरी भाची एकच, छोटी.

छोटी आली ती भाषेच्या पेपरात नापास होऊन. तिच्या वडिलांनी तिला दारातच उभं केलं आणि म्हणाले, "हिचं डोकं काही चालत नाही. हात तरी चालतात का बघ."

छोटी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मावशी हातातलं काम न थांबवता म्हणाली, "डोकी इथे पुष्कळ येतात हो. हात मिळत नाहीत. राहू दे तिला."

आज छोटीचे स्वतःचे केस पिकायला लागलेत आणि लोक तिला मॅडम म्हणतात. पण माझ्यासाठी ती छोटीच. तिने माझी मूठ पहिल्यांदा धरली, तेव्हा तिचा तळवा घामेजला होता. मऊ होता, आणि जरा घाबरलेला. काचेतून मला माणसांचे चेहरे कळतात आणि मुठीतून हात. चेहरा कसाही करता येतो, हाताला ते जमत नाही, त्यामुळे माझा भरवसा मुठीवर जास्त.

मावशी शिकवायची ते कामाच्या ओघात. "ओला केस लांब वाटतो, वाळला की वर चढतो. तेव्हा हात जरा राखून चालव." कधी म्हणायची, "टाळूवर भोवरा आहे बघ तिच्या. त्याच्याशी भांडू नकोस, तो जातो तिकडे जा." छोटी ऐकायची आणि करायची. वहीत अक्षर धड निघत नसे, पण कात्री हातात आली की ती पोरगी सरळ रेषेत विचार करायला लागायची. वर्ष-दोन वर्षांत बाकावर बसलेल्या बायका मावशी रिकामी असली तरी म्हणू लागल्या, "छोटीचं होऊ दे, आम्ही थांबतो." मावशीला राग आला नाही. उलट एका सकाळी तिने मला फडक्याने पुसलं, छोटीच्या पिशवीत घातलं आणि म्हणाली, "इथे तुझे हात पुरायचे नाहीत. मोठ्या सलूनमध्ये जा. हा घेऊन जा, त्याला तुझ्या हाताची सवय झालीय."

मोठं सलून खरंच मोठं होतं. खुर्च्यांच्या दोन रांगा, काचेचं दार, दिवसभर ड्रायरची घरघर. तिथे केस नुसते कापत नसत. धुवायचे, रंगवायचे, कुरळे करायचे, कुरळे असले तर सरळ करायचे. छोटी सगळं शिकली. रंग कालवण्यात तर तिचा हातखंडा. कुणाला कुठली छटा शोभेल हे ती माणूस दारातून आत येईपर्यंत ठरवून टाकायची. लोक तिचं नाव घेऊन वेळ मागू लागले. इतर मुली थोड्या जळल्या, मग जळायचं सोडून तिच्याकडून शिकू लागल्या.

त्याच सुमाराला मला तिच्या हातात काहीतरी वेगळं लागू लागलं. तळवा खरखरीत झाला. पुढे बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या. माझ्या मुठीला कधी मलम लागायचं, कधी रक्ताचा बारीक ठिपका.

हातमोजे होते की, असं तुम्ही म्हणाल. होते, पेटीच्या तळाशी. पण घाई असायची, ते फाटायचे, आणि गिऱ्हाइकं कुरकुरायची. "रबर नको गं, केस ओढले जातात. तुझ्या हातांनीच धू, बरं वाटतं." मग छोटी उघड्या हातांनी धुवायची, उघड्या हातांनी रंग लावायची. संध्याकाळी हातांची आग व्हायची. आपण पुरेसे स्वच्छ राहत नाही म्हणून हे होतंय, असं तिच्या मनाने घेतलं. मग ती साबणाने पुन्हा पुन्हा हात धुवायची, आणि हात आणखीच बिघडायचे.

तिने कुणालाही सांगितलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "घरी धुण्याची पावडर बदललीय."

तिची एक नेहमीची गिऱ्हाईक होती, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. प्रेमळ बाई. "तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाती मी डोकं देणार नाही," असं सगळ्यांसमोर म्हणायची. त्या दिवशी छोटीने तिचे केस फार सुरेख कापले होते. नेहमीप्रमाणे मला मागे धरलं. बाईंनी माझ्यात पाहिलं. त्यांची नजर मानेवर क्षणभर टेकली आणि मग माझ्या कडेवर आली. तिथे छोटीची बोटं होती. लाल, सुजलेली, सालपटं निघालेली.

मी बाईंचा चेहरा बघत होतो. त्यांनी 'छान' म्हटलं नाही. अगदी हळू आवाजात, दुखवायचं नाही अशा बेताने त्यांनी विचारलं, "हे... दुसऱ्याला होत नाही ना?"

"नाही, नाही," छोटी म्हणाली. आणि पुढे म्हणाली, "माफ करा."

कशाची माफी, ते मला अजून समजलेलं नाही. बाई हसल्या, पर्स उचलली, गेल्या. पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा काउंटरवर वाकून काहीतरी बोलल्या आणि दुसऱ्या रांगेतल्या मुलीच्या खुर्चीत जाऊन बसल्या. छोटीने पाहिलं. त्या दिवशी तिने मला फार घट्ट धरलं होतं.

मग ती डॉक्टरकडे गेली. मी पिशवीत होतो, पण ऐकायला काचेची गरज नसते. डॉक्टर म्हणाले, "इसब आहे हे. दिवसभर हात ओले, वर केसांच्या रंगातलं रसायन तुम्हाला सोसत नाही. दुसऱ्या कुणाला लागण व्हायची नाही. पण एकदा शरीर त्या गोष्टीवर चिडलं की कायमचं चिडतं. हे काम सोडा, नाहीतर हात सोडा."

"लोकांना काय सांगू?" छोटीने विचारलं.

"खरं ते सांगा," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या दृष्टीने सोपं होतं.

छोटीने ते सांगितलं नाही. सलूनचीच एक अकॅडमी होती, तिथे शिकवायला माणूस हवं होतं. ती म्हणाली, "मला शिकवायची आवड आहे." आणि पांढरे सुती हातमोजे घालून वर्गात गेली.

आता एक गंमत सांगतो, म्हणजे तेव्हा गंमत वाटली होती. मुलींना ते हातमोजे म्हणजे मॅडमची ऐट वाटली. महिन्याभरात निम्मा वर्ग पांढरे हातमोजे घालून मिरवायला लागला. छोटी त्यांच्याकडे बघायची आणि फळ्याकडे वळायची. तिकडे वळल्यावर तिचा चेहरा कुणाला दिसत नसे. मला दिसायचा, मी फळ्याखालच्या टेबलावर उभा असायचो.

पण ती शिकवायची मात्र अप्रतिम. कात्री हातात घेऊन दाखवता येत नव्हतं, अंगठा उघडला की भेग फाटायची. म्हणून प्रत्येक गोष्ट तिला शब्दांत सांगावी लागायची. कात्री किती तिरकी, केसाची बट किती ताणायची, गिऱ्हाइकाचा खांदा वर गेला तर काय समजायचं. बघून शिकलेल्या बाईला जे सांगता येत नाही, ते ती शोधून शोधून सांगायची. मुली भराभर लिहून घ्यायच्या. त्या टिपणांचंच पुढे पुस्तक झालं. भाषेत नापास झालेली मुलगी लेखिका झाली.

त्या वर्गात एक मुलगी होती. बोटं लांबसडक, निमुळती, म्हणून सगळ्या तिला भेंडी म्हणायच्या. तीही त्या नावाला ओ द्यायची. हात इतका हलका की माझी मूठ धरली तरी कळायचं नाही. पुस्तकासाठी फोटो काढायचे ठरले, तेव्हा छोटी तिला म्हणाली, "तुझे हात देशील का?" भेंडी लाजून म्हणाली, "घ्या की मॅडम, नाहीतरी त्यांना दुसरं काय काम आहे."

फोटो चांगले चालले होते. रंग लावायची पाळी आली तेव्हा छोटी म्हणाली, "इथे तिला हातमोजे घालू दे."

फोटोवाला म्हणाला, "नको हो मॅडम. ते काळं रबर पानावर भयंकर दिसतं. एवढे देखणे हात आहेत, ते झाकायचे कशाला? काही खास कारण आहे का?"

छोटीने तोंड उघडलं. त्याची नजर तिच्या पांढऱ्या हातमोज्यांवर गेली होती. तिने तोंड मिटलं. मग म्हणाली, "नाही. तसं काही नाही. असू दे."

भेंडीने उघड्या बोटांनी रंग लावला. हसत हसत. फोटो उत्तम आले.

पुस्तक खूप चाललं. गावोगावच्या पार्लरमधल्या मुली ते खुर्चीशेजारी उघडं ठेवून शिकू लागल्या. एका कार्यक्रमात एक बाई पुस्तकावर सही घ्यायला आली आणि म्हणाली, "मॅडम, पुस्तकातले तुमचे हात किती सुंदर आहेत हो." छोटी हसली. शेजारी पुस्तकांचा गठ्ठा घेऊन भेंडी उभी होती. तिने छोटीकडे पाहिलं आणि गठ्ठ्यातली पुस्तकं उगाच सारखी करत राहिली.

एक प्रत घेऊन छोटी मावशीकडे गेली. मीही पिशवीत होतो, तिने मला बाहेर काढून खिडकीत ठेवलं. मावशी आता अंथरुणाला खिळली होती, पण चष्मा लावून पानं उलटत होती. एका फोटोपाशी थांबली.

"हे हात तुझे नाहीत."

"फोटोत तसं दिसतं गं मावशी."

"तुझी करंगळी आत वाकलेली आहे. मी लहानपणापासून बघतेय." तिने छोटीकडे पाहिलं. छोटीचे हात शालीखाली होते. मावशीने पान उलटलं. थोड्या वेळाने म्हणाली, "माझे केस फार वाढलेत बघ. मानेला टोचतात. जरा कापून देतेस?"

छोटी म्हणाली, "मावशी, मी आता कापत नाही. शिकवते. एखाद्या मुलीला पाठवून देते ना."

"असू दे," मावशी म्हणाली. "मोठी झालीस."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर छोटीला सोपं गेलं असतं. मुलगी पाठवायची ती राहूनच गेली, आणि महिनाभरात मावशी गेली. केस तसेच वाढलेले.

या सगळ्याला काही वर्षं झाली असतील. दुपारची जेवणाची सुट्टी होती, वर्ग रिकामा होता. दारात भेंडी उभी. शिकून बाहेर पडल्यावर ती एका नावाजलेल्या सलूनमध्ये लागली होती, अधूनमधून यायची. या वेळी हात जॅकेटच्या खिशात.

"ये ना," छोटी म्हणाली. "जेवलीस?"

"मॅडम, एक विचारायचं होतं. तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?" तिने दार लावून घेतलं आणि खिशातून हात काढले.

मी ते हात ओळखले नाहीत. खरं सांगतो. लांब होते एवढंच. बाकी सगळीकडे लाल, सोललेले, बोटांच्या पेरांवर चिरा.

"मी खूप स्वच्छ राहते, मॅडम," भेंडी म्हणाली. "सारखी हात धुते. तरी होतंय. गिऱ्हाइकं बघतात. परवा एकीने माझ्यासमोरच दुसरी मुलगी मागितली. माझंच काहीतरी चुकतंय. तुम्ही शिकवलंत तसंच सगळं करते मी. पुस्तकात आहे अगदी तसंच."

छोटी खुर्चीवर बसली, परत उठली. मग तिने डाव्या हातातला मोजा काढला. मग उजव्या हातातला.

भेंडी बघत राहिली. आधी तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं. मग हळूहळू ती हिशेब जुळवू लागली, आणि मला तिच्याकडे बघवेना. पण आरशाला डोळे मिटता येत नाहीत.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"सलूनमध्ये होते तेव्हापासून."

"म्हणजे आमचा वर्ग होता तेव्हा. फोटो काढले तेव्हा."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

भेंडी रडली असती, ओरडली असती, तर छोटीने ते अंगावर घेतलं असतं. ती फक्त म्हणाली, "तुम्ही एक शब्द बोलला असतात ना मॅडम, तर मी मोजे घातले असते. फोटोतही आणि नंतरही."

"मला लाज वाटत होती गं."

"मलाही वाटते," भेंडी म्हणाली. "रोज." आणि हात खिशात घालून गेली.

घंटा झाली. मुली आत आल्या, हसत, एकमेकींना ढकलत. छोटीचे पांढरे मोजे टेबलावर माझ्याशेजारी पडले होते. तिने त्यांच्याकडे हात नेला, मागे घेतला. वर्ग गप्प व्हायची वाट पाहिली. मग दोन्ही हात छातीशी, सगळ्यांना दिसतील असे वर धरले.

"हे काय आहे ते सांगते," ती म्हणाली. "आणि पुस्तकाचं एक प्रकरण चुकीचं आहे, तेही सांगते."

तिने सगळं सांगितलं. रसायनाचं नाव, डॉक्टर काय म्हणाले, फोटो कुणाच्या हातांचे आणि त्यात मोजे का घालू दिले नाहीत. शेवटच्या बाकावरच्या एकीने तोंड फिरवलं. दुसऱ्या एकीने, जी स्वतः पांढरे मोजे घालून बसली होती, ते काढून दप्तरात कोंबले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका मुलीने उभं राहून विचारलं, "मॅडम, मग आमच्या आधीच्या मुलींना कोण सांगणार?"

"मी," छोटी म्हणाली. आणि ते तिने अजून पुरतं केलेलं नाही. जिचा पत्ता मिळेल तिच्याकडे जाते. काही दारं उघडतात. एका मुलीच्या आईने दारातूनच सांगितलं, "तिने ते काम कधीच सोडलं. आता कशाला आलात?" छोटी पायऱ्या उतरून खाली येईपर्यंत त्या बाई दारात उभ्या होत्या.

प्रकाशकाकडे तिने नवी आवृत्ती मागितली. सगळे फोटो पुन्हा, हातमोजे घालून. आणि पहिल्या पानावर तिचे स्वतःचे हात, आहेत तसे.

प्रकाशक म्हणाले, "अहो, पहिल्याच पानावर हे बघून पुस्तक कोण वाचेल? लोक मिटून ठेवतील."

"ठेवू देत. तेवढं पान बघितलं तरी पुष्कळ झालं."

मग ती भेंडीकडे गेली. भेंडीने दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. छोटीने चाचरत विचारलं, पहिल्या पानावर तुझेही हात घेऊ का म्हणून. तरुण हातांनाही हे होतं, हे मुलींना दिसायला हवं.

भेंडी म्हणाली, "आधीच्या पुस्तकात माझे हात होते आणि नाव तुमचं होतं. या वेळी हात असतील तर खाली नाव माझं पाहिजे. भेंडी नाही. पूर्ण नाव."

"पूर्ण नाव," छोटी म्हणाली.

पुस्तक आलं तेव्हा भेंडी अकॅडमीत येऊन गेली. पहिलं पान उघडून तिने खालच्या नावावर बोट ठेवलं, एक एक अक्षर वाचल्यासारखं. म्हणाली, "फोटो बरे आलेत." पूर्वी निघताना वाकून नमस्कार करायची, या वेळी नुसती मान हलवली. छोटीने तेवढं घेतलं. भेंडी आता रंगाला हात लावत नाही, कोरडे केस कापते तेवढेच. काही दिवस हात बरे असतात, काही दिवस नसतात.

छोटी आता उघड्या हातांनी शिकवते. पण वर्गात कुणी परका माणूस आला की तिचे हात आपोआप पाठीमागे जातात. तिच्या लक्षात येतं, मग ती ते पुढे आणते. प्रत्येक वेळी तेवढंच जड जातं, मी समोरून बघतो ना.

माझा पारा कडेने उडायला लागलाय. मधोमध अजून दिसतं, कडेला काळे डाग. नवीन मुली म्हणतात, "मॅडम, हा टाकून द्या ना आता." मला वाईट वाटत नाही. काचेचं आयुष्य तेवढंच असतं. जायच्या आधी तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमचे केस धुवायला घेण्याआधी समोरची बाई खालच्या पेटीत वाकेल, हातमोजे शोधेल, एकेक बोट घालत ते चढवेल. त्याला जरा वेळ लागेल. तेव्हा घड्याळाकडे बघू नका. आणि रबर नको, असं म्हणू नका.